भूमिगतांचे यजमान

ऑगस्ट महिना आला की १९४२ च्या चळवळीचे स्मरण करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. सभा भरतात, तसबिरींना हार पडतात, क्रांतिवीरांच्या साहसांची वर्णने होतात. त्या साहसांविषयी आमच्या मनात यत्किंचितही अनादर नाही. परंतु ही वर्णने ऐकताना सुज्ञ श्रोत्यास जो प्रश्न पडावयास हवा तो पडत नाही. हे वीर महिनोन् महिने भूमिगत होते, म्हणजे नेमके कोठे होते? भूमीच्या पोटात तर ते खासच राहत नव्हते. ते कोणाच्या तरी माळ्यावर, कोणाच्या तरी रानातल्या खोपटात, कोणाच्या तरी चुलीवरच्या भाकरीवर राहत होते. त्या ‘कोणाच्या तरी’चे नाव इतिहासात नाही, आणि ते नसावे अशीच व्यवस्था आपण स्वतःच्या हातांनी केली आहे, असा आमचा आरोप आहे.

दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील व त्यांचे सोबती भर दिवसा सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव गोळीबारात कामास आले, आणि खांद्यात गोळी लागलेले वसंतदादा त्याच दिवशी पुन्हा पकडले गेले. उलट, क्रांतिसिंह नाना पाटील १९४६ पर्यंत इंग्रज पोलिसांच्या हाती लागले नाहीत. हा फरक शौर्याचा नव्हे. तुरुंग फोडण्यास शौर्य पुरते. फोडल्यावर टिकण्यास घर लागते. त्या काळी सातारा जिल्ह्याच्या भोवती व मधूनमधून कोल्हापूर, सांगली, मिरज, औंध, फलटण अशा संस्थानांच्या हद्दी गोधडीच्या ठिगळांसारख्या पसरल्या होत्या. प्रतिसरकारचे मुख्य ठाणे जे कुंडल, ते औंध संस्थानात; आणि वारणेचे पात्र ओलांडले की कोल्हापूरचे राज्य. पण हद्द ओलांडणाऱ्यास पलीकडच्या तीरावर कोणी दारच उघडले नसते, तर नकाशावरच्या त्या रेघांचा उपयोग काय झाला असता?

याच काळी युरोपातही असाच उद्योग चालू होता. शत्रूच्या मुलखात विमाने पाडली गेल्यावर जे वैमानिक जिवंत उरत, त्यांना हातोहात सुखरूप ठिकाणी पोहोचविणाऱ्या गुप्त मालिका बेल्जम व फ्रान्समध्ये तयार झाल्या होत्या. त्यांतील ‘कॉमेट’ नावाची मालिका आंद्रे द योंग या चोविशीतल्या बेल्जियन तरुणीने १९४१ साली उभी केली. ब्रसेल्सहून पॅरिस, तेथून पिरिनीज पर्वत ओलांडून स्पेन आणि अखेर जिब्राल्टर, असा हा मार्ग होता. तिने स्वतः शंभरांहून अधिक माणसे पार नेली. पर्वताच्या पायथ्याशी उर्‍यून्य गावी फ्रांचिया उसांदिसागा नावाच्या विधवा शेतकरणीच्या घरी अखेरचा मुक्काम पडे. जानेवारी १९४३ मध्ये त्या दोघी तेथेच पकडल्या गेल्या. आंद्रे छळछावण्यांतून जिवंत परतली. शेतकरीण १९४५ साली राव्हेन्सब्रुक येथे मरण पावली.

मुद्दा असा की, तीन लेकरांच्या त्या शेतकरणीचे नाव आज हजारो मैलांवर कोल्हापुरात बसून आम्हांस घेता येते. आणि वाळवे तालुक्यातल्या तिच्या बहिणीचे नाव घेता येत नाही. असे का व्हावे? सुटून आलेल्या प्रत्येक वैमानिकाची जबानी ब्रिटिश लष्कराच्या एम. आय. ९ या खात्याने घेतली, कोणी आसरा दिला ते टिपून ठेवले, आणि युद्ध संपताच पॅरिस, ब्रसेल्स येथे कचेऱ्या उघडून त्या यजमानांचा शोध केला. साक्षीदार कोण, तर ज्याचा जीव वाचला तो. (हेच सरकार इकडे फरारींना भाकरी देणाऱ्या शेतकऱ्यांस कसे वागवीत होते, हे सांगावयास नकोच.)

आणि आपण काय केले? १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना निघाली. तीत पात्रतेच्या कसोट्या अशा: पुरुषास सहा महिन्यांचा व स्त्रीस तीन महिन्यांचा कारावास, अथवा सहा महिन्यांहून अधिक अज्ञातवास, पण फरारी म्हणून घोषित झालेल्याचा, पकडण्यास इनाम लागलेल्याचा, किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघूनही न सापडलेल्याचा. मालमत्ता जप्त झालेल्यांची, नोकरी गेलेल्यांची, फटके खाल्लेल्यांचीही सोय होती. या सर्व कलमांतून एकच सूत्र ओवलेले दिसेल: इंग्रज सरकारची नजर ज्याच्यावर पडली, तो सैनिक. आता आसरा देणाऱ्याचे कौशल्य कशात होते? सरकारची नजर आपल्या घरावर पडू न देण्यात! म्हणजे ज्या बाईने आपले काम चोख बजावले, तिचा पुरावा नाही. जिचा पुरावा आहे, तिचे काम फसले होते. स्वतंत्र राष्ट्राने देशभक्तीची साक्ष परक्या राज्याच्या फौजदाराकडे मागावी, याहून मोठी विसंगती कोणती?

यावर कोणी म्हणेल, कागदाची अट नसती तर तोतयांचा सुळसुळाट झाला असता. पैशाच्या बाबतीत हा आक्षेप खरा आहे. परंतु आम्ही पैशाविषयी बोलतच नाही. ती वेळ केव्हाच निघून गेली. आम्ही इतिहासाविषयी बोलत आहो. ज्यांनी त्या घरांत दिवस काढले त्यांनी पुढे आठवणी सांगितल्या, पण त्या लढायांच्या. आणि लिहून घेणाऱ्यांनीही रात्री कोणाच्या दारी थाप मारलीत, हे खोदून विचारले नाही. दोष आम्हां लिहित्यावाचत्या वर्गाचाच अधिक.

आश्रिताने साक्ष दिली म्हणजे काय होते, हे पाहावयास कोल्हापूरकरांस दूर जावे लागत नाही. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे येथील छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. कित्येक वर्षांनी ते आणि त्यांची मुले या गावी परत आली, आणि येथील महावीर उद्यानात त्यांच्या कृतज्ञतेचा स्तंभ उभा आहे. परदेशी पाहुण्यांनी यजमानाचे नाव दगडावर कोरावे, आणि घरच्या पाहुण्यांनी ते कागदावरही लिहू नये!

अद्याप थोडा अवकाश आहे. ती पिढी गेली. पण तिच्या लेकीसुना, नातवंडे गावोगाव आहेत. वारणेपासून येरळेपर्यंतच्या प्रत्येक गावी जाऊन कोणत्या घरी कोण उतरले, पहाऱ्यास कोण बसले, निरोप कोणी पोहोचविला, याची घरवार नोंद विद्यार्थ्यांकडून करवून घेणे आमच्या महाविद्यालयांस अशक्य नाही. पुढच्या ऑगस्टात एक हार कमी पडला तरी चालेल. त्या पैशांत वह्या घ्याव्यात.