घरगाडींतून अरण्याच्या उंबऱ्याशीं

गेल्या अंकांत हें सदर दिसलें नाहीं म्हणून कांहीं भगिनींनीं पत्रें पाठवून माझ्या प्रकृतीची चौकशी केली. प्रकृति ठीक आहे. गुडघे तेवढे जुने झाले आहेत. खरें कारण असें कीं, अमेरिकेंत मिनिआपोलिस येथें मुलाकडे गेलें असतां त्यानें आम्हां उभयतांस एका फिरत्या घरांत घालून आठ दिवसांसाठीं उत्तरेकडील एली नांवाच्या गांवीं नेलें. त्या मुक्कामाची हकीकत आज सांगावयाची आहे.

या फिरत्या घरास तिकडे आरव्ही म्हणतात. मी आपली त्यास घरगाडी म्हणतें. पंचवीस फूट लांबीच्या त्या गाडींत शेगडी, फ्रीज, न्हाणीघर आणि पांच माणसांच्या निजण्याची सोय होती. ‘सोय’ हा शब्द वाचकांनीं थोड्या सैल अर्थानें घ्यावा. रात्रीं एकानें कूस बदलली कीं सारें कुटुंब हालत असे. मी चाळीस वर्षें एकत्र कुटुंबांत काढलीं आहेत, तेव्हां गर्दीचें मला कांहीं वाटत नाहीं. पण वाड्यांत रागावून निदान माडीवर तरी जाऊन बसतां येतें!

पाण्याचा हिशेब मात्र मी तेथें नव्यानें शिकलें. सर्वांना मिळून दीडशें लिटर. वापरलेलें पाणी गाडीच्या पोटांत सांठतें; न्हाण्याधुण्याचें एका टाकींत, शौचाचें दुसऱ्या टाकींत. मग त्या टाक्या ठरलेल्या जागीं नेऊन, जाड नळी लावून, आपल्याच हातांनीं रिकाम्या कराव्या लागतात. पुण्यास असतांना ज्यानें स्वतःचें ताटहि कधीं उचललें नाहीं, तो माझा मुलगा हातमोजे चढवून तें काम मुकाट्यानें करी. पहिल्या वेळीं मी तोंड फिरविलें. दुसऱ्या वेळीं नळी धरावयास गेलें.

एली हें तीन-साडेतीन हजार वस्तीचें गांव. १८८८ पासून लोखंडाच्या खाणींवर तें पोसलें. शेवटची पायोनियर खाण १९६७ सालीं बंद पडली. खचलेल्या खाणींत पाणी भरून गांवाला लागूनच एक सरोवर झालें आहे, आणि त्याचें नांवहि मायनर्स लेक, म्हणजे खाणवाल्यांचें तळें, असेंच आहे. आतां गांवांत होड्या भाड्यानें देणारीं दुकानें दिसतात. कारण गांवापलीकडे, कॅनडाच्या सीमेला लागून, दहा लाख एकरांहून मोठें राखीव अरण्य पसरलें आहे. त्याचें नांव बाउंडरी वॉटर्स. त्यांत हजारावर सरोवरें आहेत. कनू नांवाची अरुंद होडी वल्हवीत जावयाचें. एक सरोवर संपलें कीं होडी खांद्यावर घेऊन रानवाटेनें पुढचें सरोवर गांठावयाचें. या वाटा मूळच्या ओजिब्वे लोकांच्या. पुढें कातड्यांचे व्यापारी त्यांवरून गेले. त्यांची लांबी अजून ‘रॉड’मध्यें मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ एका होडीएवढी लांबी.

फॉल लेक नांवाच्या सरोवराच्या कांठीं आमची घरगाडी उभी होती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सूनबाई म्हणाली, “आई, आंत दोन रात्रीं राहण्याचा परवाना मिळाला आहे. मी आणि छोटी जाऊन येतों.”

“दोघीच? त्या रानांत?”

“यांनाहि यावयाचें होतें. पण तुम्हां दोघांना येथें एकटें कसें ठेवावयाचें?”

यावर काय बोलणार? तरी मी म्हटलें कीं, मोटारीच्या होडींतून सगळींच जाऊं. तेव्हां कायद्याची गोष्ट निघाली. १९४९ सालीं अध्यक्ष ट्रुमन यांनीं या भागावरून समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांच्या खालीं विमानें उडविण्यास बंदी केली. १९७८ च्या कायद्यानें बहुतेक सरोवरांवर मोटारीच्या होड्याहि बंद झाल्या. मोजक्या सरोवरांवर लहान मोटारी राहिल्या. म्हणजे ज्याचे गुडघे शाबूत त्याचें अरण्य! हा राग माझ्या एकटीचा नव्हे. १९७७ सालीं या प्रश्नाची सुनावणी एलींत झाली, तेव्हां संतापलेल्या लोकांनीं सिगर्ड ओल्सन या गृहस्थाची प्रतिकृति करून ती टांगली होती. ओल्सन हे त्याच गांवांत राहणारे लेखक आणि या अरण्याचे कैवारी. त्या दिवशीं मी मनानें टांगणारांच्या बाजूची होतें.

लोणच्याची कांचेची बरणी आंत नेतां येत नाहीं, डबेबंद पदार्थहि नाहींत. म्हणून मी लोणचें प्लॅस्टिकच्या डब्यांत भरून दिलें, बरोबर भाजणी आणि मेतकूट. अस्वलांच्या भीतीनें हें सारें रात्रीं झाडाला टांगून ठेवतात म्हणे. मायलेकी वल्हीं मारीत दिसेनाशा झाल्या.

मन रमावें म्हणून मुलगा आम्हांस डॉरोथी मोल्टर या बाईच्या स्मृतिसंग्रहालयांत घेऊन गेला. ही शिकागोची परिचारिका १९३० सालीं प्रथम तेथें आली आणि पुढें नाइफ लेकमधील एका बेटावर १९८६ सालीं मृत्यु येईपर्यंत राहिली. सर्वांत जवळची सडक पंधरा मैलांवर, आणि वाटेंत पांच ठिकाणीं होडी खांद्यावर! येणाऱ्याजाणाऱ्या होडीवाल्यांस ती घरीं केलेलें रूट बीअर नांवाचें पेय देई, त्यांच्या जखमा बांधी. अरण्य राखीव झाल्यावर सरकारनें तिला हलवावयाचें ठरविलें, पण लोकांनीं एवढा आरडाओरडा केला कीं तिला हयातभर राहूं द्यावें लागलें. तिच्या मृत्यूनंतर तिच्या लांकडी खोल्या सुट्या करून बर्फावरून गांवांत आणल्या. कांहीं ओझें कुत्र्यांच्या गाड्यांनीं ओढलें. त्या खोलींत मी बराच वेळ उभी राहिलें. “ही आजारी पडली तर कोण बघत असेल?” असें मी म्हटलें, त्यावर हे म्हणाले, “आपल्या घरांत तूं आजारी पडलीस तर कोण बघतें?” प्रश्न वाईट नव्हता. उत्तर मी अजून दिलेलें नाहीं.

दुसऱ्या रात्रीं वादळ झालें. ४ जुलै १९९९ रोजीं याच अरण्यांत वाऱ्यानें लाखों झाडें आडवीं केलीं होतीं, हें त्याच दिवशीं मी वनखात्याच्या कचेरींत वाचलें होतें. गाडी वाऱ्यानें हेलकावे खात होती. मोबाइलचा आंत कांहीं उपयोग नाहीं. मुलगा रात्रभर चालकाच्या जागेवर बसून कांचेबाहेर पाहत होता. “आई, काळजी करूं नको,” असें तो एकदांहि म्हणाला नाहीं. त्यावरून त्यास किती काळजी आहे तें मला कळलें. त्यानें त्यांच्याबरोबर असावयास हवें होतें, आणि तो आमच्यापायीं येथें होता. आम्ही दोघांनींहि तें बोलून दाखविलें नाहीं.

सकाळीं सरोवर आरशासारखें शांत. फॉल लेकवर लहान मोटार चालते. तिचा एका दिवसाचा परवाना मुलानें आम्हां म्हाताऱ्यांसाठीं घरून निघण्यापूर्वींच काढून ठेवला होता. त्याच होडींतून आम्ही पलीकडच्या कांठाला गेलों. तेथून न्यूटन लेककडे ऐंशी रॉडची रानवाट निघते. मोटार बंद केल्यावर धबधब्याचा आवाज ऐकूं आला. मोटार चालूं होती तोंवर तो मुळींच ऐकूं आला नव्हता, एवढें प्रामाणिकपणें नमूद करतें. ऐंशी रॉड म्हणजे तेराशें वीस फूट. हे होडीजवळच बसले. मी मुलाचा हात धरून निघालें, चार ठिकाणीं थांबलें, एकदां ओल्या मुळावरून घसरलें.

अर्ध्या वाटेवर समोरून एक उलटी होडी चालत येतांना दिसली. तिच्याखालीं फक्त दोन पाय, गुडघ्यांपर्यंत चिखलानें माखलेले. मागें पाठीवर गाठोडें घेतलेली माझी बारा वर्षांची नात.

“आजी, तूं चालत आलीस?”

मला बोलवेना. शेवटीं विचारलें तें एवढेंच कीं, लोणचें पुरलें का?

“पहिल्याच दिवशीं संपलें,” होडीच्या आंतून सूनबाईचा आवाज आला.