लहान कुत्र्याचा चावा लहान नसतो

ईदच्या दिवशी असरच्या नमाजनंतर आम्ही दरवर्षी खालाजानकडे जातो. वरूडमध्ये आमचं निम्मं नातं राहतं आणि सगळ्यांकडे सलाम करून झाला की शेवटचं घर खालाजानचं. तिथे शीरखुर्मा राखून ठेवलेला असतो, मुलांची ईदी उशीखाली तयार असते आणि सोफ्याखाली शेरू असतो.

शेरू नावाचाच वाघ. दोन हातांत मावेल एवढा पांढरा, केसाळ कुत्रा. आपल्याकडे अशा कुत्र्याला सरसकट ‘पामेलियन’ म्हणतात. खालूजान वारले, मुलं नोकरीसाठी बाहेर, तेव्हा नागपूरच्या मुलानं अम्मीला सोबत म्हणून आणून दिला. त्याला पाच वर्षं झाली. या पाच वर्षांत शेरूनं दूधवाल्याची पँट फाडली, सिलिंडर आणणाऱ्याच्या पोटरीला दात लावले, आमच्या एका चपलेचा अंगठा तोडला. दर वेळी सगळे हसले. “एवढासा तर आहे!” म्हणून त्याला उचलून मांडीवर घेतलं गेलं.

यंदा आमच्या धाकटीच्या हातातला चमचा सोफ्याखाली पडला. सात वर्षांची पोर, उचलायला वाकली. शेरू तिथे हाडूक घेऊन बसला होता. तो एकदा गुरगुरला, पण त्याचा अर्थ तिला काय कळणार? दुसऱ्याच क्षणी ती किंचाळली. अंगठ्याच्या खाली दोन बारीक छिद्रं आणि त्यांतून रक्त.

खालाजान धावत आल्या. “काटता नहीं वो, नाखून लगा होगा,” म्हणाल्या. जखमेवर हळद दाबली, ओढणीची पट्टी बांधली, पोरीच्या मुठीत आणखी शंभराची नोट ठेवली. आणि आम्ही? दरवर्षी 28 सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनाला, वर्गात फळ्यावर ‘जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवा’ असं लिहून देणारे आम्ही गप्प बसलो. ईदचा दिवस, घर पाहुण्यांनी भरलेलं, खालाजानचा चेहरा उतरलेला. आत्ता नळाखाली हात धरला, दवाखान्याचं नाव काढलं, तर त्यांना काय वाटेल? लिहाज आडवा आला. शीरखुर्मा संपवून आम्ही घरी आलो.

रात्री पट्टी सोडली तेव्हा हात सुजला होता. तेव्हा कुठे आम्ही तो नळाखाली धरला. रात्रभर कुणाला झोप नाही. सकाळी नऊला सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. “जखम लगेच धुतली होती का?” आणि “कुत्र्याला लस दिलेली आहे का? कार्ड आहे?” पहिल्याचं उत्तर आमच्याकडे होतं, पण ते देताना मान वर होईना. दुसऱ्यासाठी खालाजानला फोन लावला. पिलू असताना एक सुई दिली होती, त्यानंतर काही नाही. कार्ड कुणाकडे आहे, तेही ठाऊक नाही.

त्या दिवशी डॉक्टरांनी जे समजावलं ते इथे सविस्तर लिहितो. प्रत्येक घरात हे माहीत असायला हवं.

रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेतून जखमेत जातो आणि नसांच्या वाटेनं मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात. तेवढ्या वेळात लस आपलं काम करू शकते. एकदा लक्षणं दिसली, पाणी पाहून घशात आवळ येऊ लागली, की माणूस वाचणं जवळपास अशक्य. म्हणून पहिलं औषध म्हणजे साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, तिखट, तेल, तंबाखू यांतलं काहीही जखमेत भरायचं नाही. पट्टी आवळायची नाही आणि शक्यतो टाकेही घालत नाहीत. नुसता ओरखडा असला, रक्त आलं नसलं, तरी लस लागते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेच्या आत आणि भोवती सीरमही टोचावं लागतं. लस अंगात ताकद तयार करायला काही दिवस घेते, तोवर सीरम राखण करतं.

सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. दोन्ही दंडांवर कातडीत बारीक सुई, पहिल्या दिवसाला शून्य मानून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. एकूण चार फेऱ्या. आमच्या घरातल्या मोठ्यांना अजून पोटातल्या चौदा सुया आठवतात. त्या भीतीनं किती जण दवाखान्यात गेलेच नसतील. ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. डेव्हिड सेंपल यांनी ती 1911 मध्ये कसौलीला तयार केली होती. आपल्या देशात ती बंद होऊन आता वीस वर्षं झाली.

लसीचा इतिहास तर एका मुलापासूनच सुरू होतो. 6 जुलै 1885 रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्याकडे जोसेफ मायस्टर नावाचा नऊ वर्षांचा मुलगा आणला गेला. पिसाळलेल्या कुत्र्यानं त्याला ठिकठिकाणी फाडलं होतं. लस टोचली आणि तो वाचला. त्यानंतर एकशे चाळीस वर्षांनी, 2025 मध्ये, उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यातला एक तरुण कबड्डीपटू रेबीजनं गेला. त्यानं नालीत पडलेलं पिलू बाहेर काढलं होतं. पिलू बोटाला चावलं, जखम किरकोळ वाटली, लस घेतली नाही. पिलू केवढंसं असेल! ती बातमी आम्ही वाचली होती, हळहळलोही होतो. तरी ईदच्या दिवशी आठवली नाही.

धाकटीला सीरम टोचताना ती रडली. आम्हीही बाहेरच्या बाकड्यावर बसून रडलो.

घरी परतलो तोवर गोष्ट नातेवाइकांत पसरली होती. संध्याकाळी मामूंकडे बैठक बसली. एक म्हणाले, गाडीत घालून दूर एखाद्या संत्र्याच्या बागेत सोडून द्या. दुसऱ्यांनी त्याहून वाईट उपाय सुचवला, तो इथे लिहवत नाही. तिसऱ्यांनी खालाजानवरच ठपका ठेवला : “मुसलमानाच्या घरात कुत्रा हवाच कशाला?” खालाजान त्या बैठकीत नव्हत्या. दोन दिवस त्यांनी फोनही उचलला नाही.

दीनच्या नावानं बोललं गेलं म्हणून तेवढ्यापुरतं लिहितो. शिकार, कळप आणि शेतीची राखण यांसाठी कुत्रा पाळायला हदीसमध्ये परवानगी आहे. विनाकारण पाळला तर नेकीत घट होते, असा इशाराही आहे. कुत्र्याची लाळ लागलेलं भांडं कसं धुवावं, हेही सांगितलेलं आहे. आमच्या वरूडच्या बागांत रानडुक्कर आणि माकडांपासून राखण करायला कुत्रे असतातच. खालूजानच्या बागेतही एक होता, अंगानं चांगला दांडगा. त्याला सगळे जपून असत, म्हणून तो कुणाला चावल्याचं आम्हाला आठवत नाही. घरात कुत्रा ठेवावा की नाही, हे खालाजाननं आपल्या आलिमांना विचारावं. पण कुराण शरीफमध्ये असहाब-ए-कहफच्या गोष्टीत गुहेच्या तोंडाशी पाय पसरून बसलेला कुत्रा आहे. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतलं पाणी पाजल्यावर माफी मिळालेला माणूस हदीसमध्ये आहे आणि मांजरीला कोंडून उपाशी मारणारी बाईही आहे. हे सगळं माहीत असून चावऱ्या कुत्र्याला बागेत सोडायचं म्हणजे काय? तो एक तर उपाशी मरेल, नाही तर दुसऱ्या कुणाच्या लेकराला चावेल. आपल्या घरातली बला फक्त दुसऱ्याच्या दारात जाईल.

तिसऱ्या दिवशी लसीची दुसरी फेरी झाल्यावर आम्ही दोघं खालाजानकडे गेलो. दार शेजारच्या काकूंनी उघडलं, त्या खालाजानसाठी भाकर घेऊन आल्या होत्या. पोरीची चौकशी केली आणि मग हळूच म्हणाल्या, “मले तं त्यानं दोनदा चावलं. पण म्हटलं, बिचारी एकटी बाई, कायले तिच्या जीवाला लावता?” काकूंनी लस घेतली नव्हती. चावण्याला आता वर्ष होत आलं होतं. तरी डॉक्टरांना दाखवा, एवढं आम्ही हात धरून सांगितलं.

परतीच्या वाटेवर आमच्या डोक्यात काकूंचंच वाक्य फिरत होतं. दूधवाला, सिलिंडरवाला, काकू, आम्ही. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी खालाजानचं मन राखलं. त्या मन राखण्याची किंमत एका पोरीनं चुकवली. पहिल्या चाव्याच्या दिवशीच कुणी चार शब्द नीट सांगितले असते, तर खालाजानला आज तोंड लपवावं लागलं नसतं आणि शेरूच्या जिवावर बैठक बसली नसती. ज्याला आपण लिहाज म्हणत होतो, त्यानं तिघांचंही नुकसान केलं.

खालाजानशी काय बोललो, ते इतरांच्या कामी यावं म्हणून लिहितो. कुत्रा वाईट आहे, असं म्हटलं नाही. तुम्ही दोषी आहात, असंही म्हटलं नाही. आधी स्वतःची चूक सांगितली, की त्या दिवशी आम्ही गप्प बसलो. मग म्हटलं, “शेरू तुमची अमानत आहे. त्याचं खाणंपिणं, दवापाणी तुमचं, तसा त्याचा चावाही तुमचाच.” खालाजान बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “रात को वही तो है घर में.” आम्ही म्हटलं, तो राहील, पण आता नीट राहील.

पहिलं काम दहा दिवसांच्या नजरेचं. चावताना कुत्र्याच्या लाळेत विषाणू असेल, तर तो दहा दिवसांच्या आत आजारी पडतो किंवा मरतो. म्हणून चावलेल्या कुत्र्याला मारायचं नाही आणि हाकलायचंही नाही. बांधून ठेवायचं आणि पाहायचं. मात्र आपली लस तोवर थांबवायची नाही. शेरू दहा दिवस ठणठणीत राहिला, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

दुसरं काम ढोरांच्या दवाखान्याचं. तिथल्या डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं, दोन दाढा किडलेल्या होत्या. दुखणारा प्राणी लवकर चावतो. दुसरं कारण त्यांनी सांगितलं ते आम्हा शिक्षकांना लगेच पटलं. मोठा कुत्रा गुरगुरला की लोक सावध होतात, लहान गुरगुरला की हसतात. त्याचं म्हणणं कुणी ऐकतच नाही, मग तो दातानं सांगतो. अंग ताठ होणं, ओठ वर उचलणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, ही त्याची भाषा आहे. गुरगुरण्याबद्दल मारलं तर तो गुरगुरणं सोडतो, चावणं सोडत नाही. शेरूला रेबीजची लस दिली, कार्ड बनवलं आणि दरवर्षीची तारीख कॅलेंडरवर लिहिली.

तिसरं काम घरातल्या शिस्तीचं. दाराची कडी वाजली की आधी शेरू मागच्या खोलीत, मग दार. घर भरलेलं असेल त्या दिवशी तो तिथेच, पाण्याच्या वाटीसह. बाहेर नेताना पट्टा आणि तोंडाला जाळी. खालाजान तिला ‘मुसकं’ म्हणतात, मळणीच्या बैलाला बांधतात तसं. फाटकावर पाटी लागली. मुलांनाही शिकवलं की खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा कुठल्या कोपऱ्यात दडलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही. अंगावर आला तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं.

कायदाही हेच सांगतो. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नात्यागोत्यात कुणी पोलिसांत जात नाही, हे खरं. पण नातं आहे म्हणून जबाबदारी कमी होत नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटची सुई होती. सकाळी निघायच्या वेळी दारात रिक्षा थांबली आणि खालाजान उतरल्या. “आज मी नेते तिला,” म्हणाल्या. दवाखान्यात धाकटी त्यांच्या मांडीवर बसली. सुई टोचताना पोरीनं डोळे मिटले आणि खालाजाननंही मिटले. बाहेर आल्यावर पोरीनं विचारलं, “खाला, शेरूला पण सुई दिली तेव्हा तो रडला का?” खालाजान म्हणाल्या, “नाही बेटा. पण मी रडले.”

आपल्या कुणा नातेवाइकाच्या घरी असा एखादा शेरू असेल, तर पुढच्या ईदची वाट पाहू नका. याच आठवड्यात जा, दोघं जा, चहा घ्या आणि प्रेमानं बोला.