‘क्युअर’ : एका शब्दाचा इतिहास आणि शिनोलीपलीकडचा हिरडा

१/ इंग्रजीला केवळ ‘क्युअर’ ठाऊक, काळजी घेणे ही मात्र भारतीय परंपरेची देणगी, असे विधान आयुर्वेदाच्या नावाने समाजमाध्यमांवर फिरत असते. शब्दांच्या इतिहासापुढे ते टिकत नाही.

२/ ‘क्युअर’चे मूळ लॅटिन ‘कूरा’. अर्थ : काळजी, देखभाल. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला तेव्हा हा शब्द वैद्यापेक्षा धर्मगुरूचा अधिक होता. भाविकांच्या आत्म्यांची जबाबदारी म्हणजे ‘क्युअर’. ‘क्युरेट’ हे पद त्याच मुळाचे. रोग बरा करणे हा अर्थ १४व्या शतकात रुळला.

३/ इंग्रजी ‘केअर’ मात्र ‘कूरा’पासून आलेला नाही. तो जर्मानिक कुळातला असून त्याचा जुना अर्थ दुःख, चिंता असा आहे. उच्चारसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.

४/ आता आपले शब्द. ‘उपचार’ म्हणजे सेवा. षोडशोपचार पूजेत तो अर्थ आजही जिवंत आहे. म्हणजे ‘उपचार’ आणि ‘क्युअर’ यांचा प्रवास सारखाच : आधी सेवा, मग औषध. श्रेष्ठत्वाचा दावा येथेच कोसळतो.

५/ पुढे ‘क्युअर’ला आणखी एक अर्थ चिकटला : मासे, मांस, कातडे मीठ लावून किंवा धुरी देऊन टिकवणे. औषध आणि कातडे या दोन्ही व्यवहारांत एक फळ सापडते. ते म्हणजे हिरडा.

६/ मंचरहून भीमाशंकरकडे जाताना घोडेगावनंतर शिनोली लागते. त्यापलीकडे, डिंभ्याच्या पश्चिमेच्या डोंगरांत, महादेव कोळी कुटुंबे उन्हाळ्यात बाळहिरडा वेचतात. आयुर्वेदातली हरीतकी ती हीच. तिचे एक नाव ‘अभया’, म्हणजे भय नसलेली. ‘कूरा’पासून घडलेल्या ‘सिक्युअर’चा मूळ अर्थही चिंता नसलेला.

७/ ब्रिटिश काळात हाच हिरडा ‘मायरोबलन’ या नावाने कातडी कमावण्यासाठी इंग्लंडला जाई. वैद्याने फळ गौरवले, व्यापाऱ्याने तोलले. वेचणारे हात दोघांच्याही हिशेबाबाहेर राहिले.

८/ ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावातील हिरड्याचे मोठे नुकसान केले. भरपाईसाठी आदिवासींना वर्षानुवर्षे झगडावे लागले.

९/ तेव्हा काळजी हा आपलाच वारसा म्हणणाऱ्यांनी तो शब्दकोशात शोधू नये. हरीतकीचे गोडवे गाणाऱ्या समाजाने हिरडा वेचणाऱ्यांची काळजी किती घेतली, हीच त्या दाव्याची खरी चिकित्सा.