रस्ता नको, ट्रॅक द्या!

आमच्या सोलापुरात पाण्याचा तोटा पडेल, सभांचा कधी पडला नाही. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका सभेला मी गेलो होतो. विषय होता 'तरुण पिढी कोठे चालली?' वक्ते विद्वान, आवाज खडा, आणि तरुण पिढी कोठे चालली आहे हे त्यांना अगदी नकाशासह ठाऊक. ती खड्ड्यात चालली होती! पुराव्यादाखल त्यांनी मोबाईल काढला, टपरीवरचे कट्टे काढले आणि शेवटी म्हणाले, "आता तर गावात काही पोरे भंगारातल्या मोटारी विकत घेतात, त्यांची इंजिने फाडतात, त्यांत कसलेसे यंत्र बसवतात आणि त्या दुप्पट जोराने पळवण्याचा उद्योग करतात. नळाच्या पाण्यापायी ज्या गावाने जन्म घालवला त्या गावाला हा नाद परवडतो काय?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. हा लेख म्हणजे त्या टाळ्यांचे प्रायश्चित्त आहे.

कारण टाळ्या वाजवीत असताना मागच्या रांगेतून एक पोरगा उठून गेला. माझाच विद्यार्थी. आई विड्या वळते, आजोबा गिरणीत फिटर होते, स्वतः एका गॅरेजमध्ये कामाला. जाताना त्याने माझ्याकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर मी रात्री झोपलो असतो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याचे गॅरेज शोधीत गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी मारुती एस्टीम चार ठोकळ्यांवर उभी होती. आतल्या गाद्या काढलेल्या, बसायला एकच खुर्ची, आणि तिच्याभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा. मी विचारले, "हा पिंजरा कशाला रे?" तो म्हणाला, "गाडी उलटली तर छत डोक्यावर यायला नको, सर." माझी समजूत अशी की ही पोरे मरणाशी खेळतात. हा पोरगा मोटार बांधताना पहिल्यांदा बांधतो काय, तर जीव वाचवणारा पिंजरा!

मग त्याने मला 'टर्बो' समजावून सांगितला. मी मराठी आणि इतिहास शिकवतो. माझे विज्ञानाचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेले नाही. तरी मला समजला, यावरून सांगणाऱ्याची समज वाचकांनी ओळखावी. इंजिनात पेट्रोल जळते ते हवेच्या जोरावर. जास्त जोर हवा तर जास्त पेट्रोल हवे, आणि जास्त पेट्रोल जाळायला जास्त हवा हवी. इंजिन आपल्या दमाने हवा ओढते, पण त्या दमाला मर्यादा आहे. दुसरीकडे जळून गेलेला धूर आठनऊशे अंश तापलेला सायलेन्सरच्या वाटेने फुकट जातो. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअराने 1905 साली या फुकट जाणाऱ्या धुराला कामाला लावण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. धुराने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल क्षणभर तुटले की खेळ खलास.

"पण सर, फुकट काहीच नाही," पोरगा म्हणाला. हवा दाबली की तापते. तापली की विरळ होते. आणि तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेटून पिस्टनवर घाव घालते. त्याला हे लोक 'नॉकिंग' म्हणतात. म्हणून मध्ये इंटरकूलर लावून हवा थंड करायची, इंजिनाचे मूळचे कॉम्प्रेशन उतरवायचे, आणि दाब हद्दीबाहेर गेला तर धूर परस्पर बाहेर सोडणारी झडप ठेवायची. किती हवेला किती पेट्रोल, ठिणगी केव्हा, याचे कोष्टक त्याने स्वतः मांडले होते. एका शंभरपानी वहीत तारीखवार आकडे होते, खोडलेले, पुन्हा लिहिलेले. टर्बो आणि इंटरकूलर दोन्ही भंगारात निघालेल्या डिझेल गाड्यांचे.

या पोराच्या दहावीच्या प्रगतिपुस्तकावर 'विज्ञानात कच्चा' असा शेरा आहे. तो माझ्या अक्षरात आहे. वर्गशिक्षक मी होतो. उष्णता, दाब आणि आकारमान यांचा संबंध त्याला पेपरात लिहिता आला नाही. तो संबंध त्याने पुढे स्वतःच्या कमाईचे तीन पिस्टन वितळवून शिकून घेतला. आता मला सांगा, कच्चे कोण होते?

आमच्या विद्वानांचा पहिला आक्षेप असा की हा श्रीमंतांचा चैनीचा खेळ आहे, गिरणगावाला तो शोभत नाही. ठीक. मग मी त्यांना दुसऱ्या एका गिरणगावाची गोष्ट सांगतो. कोइमतूर! आपल्यासारखेच कापडाचे गाव. तिथल्या गिरणीवाल्यांच्या घराण्यातले एस. करिवर्धन यांना मोटारींच्या शर्यतीचे वेड होते. त्यांनी परदेशी गाड्या आणून मिरवल्या नाहीत. मारुती 800 चे आपले साधे इंजिन घालून एकाच साच्याच्या, स्वस्त शर्यतीच्या मोटारी आपल्या गावात बांधल्या. तिला 'फॉर्म्युला मारुती' म्हणत. त्या गाडीत बसून सुरुवात केलेला त्याच गावचा नारायण कार्तिकेयन 2005 साली फॉर्म्युला वनमध्ये उतरला. तिथे पोचलेला तो पहिला भारतीय. करिवर्धन 1995 मध्ये वारले. 2003 साली गावाबाहेर त्यांच्या नावाचा दोन किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा ट्रॅक उभा राहिला. त्यांनी माणसाच्या नावाने चौक केला नाही, ट्रॅक केला.

आणि आपण? आपली जुनी मिल एकोणिसाव्या शतकात उभी राहिली. लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी ही नावे म्हणजे या गावाची घड्याळे होती. भोंग्यावर चूल पेटे, भोंग्यावर विझे. त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. कापड गेले ते गेले. पण त्या गिरण्यांच्या दुरुस्तीखात्यात फिटर, टर्नर, लोहार, वेल्डर यांचे जे हातांचे शिक्षण पिढीजात चालत आले होते, त्याचे आपण काय केले? मायदेशी कापड विणायचे म्हणून विलायती साचे आले, आणि त्या साच्यांचे मोडके दात आमच्या माणसांनी कानशीने घासून इथेच बसवले. त्या फिटरचा नातू आज टर्बोचा दांडा तोलून बसवतो, तेव्हा तो वंशपरंपरेने आलेला हात चालवतो आहे. त्याला आपण नाद म्हणतो!

दुसरी गोष्ट तर घरचीच आहे. मोटार या देशात घडली पाहिजे या ध्यासाने ज्याला पछाडले तो माणूस कुठला? वालचंद हिराचंद 1882 साली याच सोलापुरात जन्मले. जहाज बांधायला निघाले तेव्हा लोक हसले, विमानाचा कारखाना काढला तेव्हा हसले, आणि मोटारीसाठी प्रीमियर ऑटोमोबाईल्स 1944 मध्ये स्थापन केली तेव्हाही हसणारे होतेच. पुढे त्या कंपनीच्या फियाट आणि पद्मिनी यांनी मुंबईची टॅक्सी म्हणून दोन पिढ्या वाहिल्या. आज वालचंदांच्या नावाचे इंजिनिअरिंग कॉलेज आपल्या गावात आहे आणि त्यांच्या जयंतीला आपण हार घालतो. हार घालून घरी येताना पत्र्याच्या शेडमध्ये मोटारीखाली झोपलेला पोरगा दिसला, की नाकाला रुमाल लावतो. पुतळ्याला तेलाचा वास येत नाही, एवढाच काय तो फरक!

तिसरा आक्षेप मात्र मला टाळता येत नाही. तो आहे मरणाचा. वेगाने माणसे मरतात. 1955 साली फ्रान्समध्ये ल मांसच्या शर्यतीत एक मोटार प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे मेली. ही गोष्ट झाकून मला वाद जिंकायचा नाही. पण त्याच ल मांसला दोन वर्षे आधी, 1953 साली, जॅग्वार गाडीने डिस्क ब्रेक लावून शर्यत जिंकली, आणि तोच ब्रेक आज तुमच्याआमच्या घरच्या गाडीला आहे. मुलांना शाळेत सोडताना अचानक कुत्रे आडवे आले आणि गाडी जागच्या जागी थांबली, तर त्या थांबण्यावर शर्यतीचे उपकार आहेत.

आणि मरणाचीच भाषा करायची तर नीट करू. आमची पोरे ट्रॅकवर मरत नाहीत, कारण जिल्ह्यात ट्रॅकच नाही. ती विजापूर रस्त्यावर मरतात, पुण्याच्या हमरस्त्यावर रात्री बारा वाजता मरतात, आणि मरताना दूधवाल्याला किंवा पायी निघालेल्या वारकऱ्याला बरोबर नेतात. या पापाला माझी क्षमा नाही. सायलेन्सर फोडून गल्लीत बोंब मारणारे, दवाखान्यासमोर इंजिन गुरगुरवणारे, रस्त्यावर शर्यत लावून तिचे चित्रीकरण मिरवणारे जे बहाद्दर आहेत, त्यांना मी या लेखात आसरा देत नाही. त्यांतल्या बहुतेकांना आपल्या गाडीचे टोपण कसे उघडते हेही ठाऊक नसते. आवाज वाढला म्हणजे जोर वाढला, असे समजणारी जात सभांतही असते, रस्त्यावरही असते.

कायदाही इथे बरोबर आहे. मोटार-वाहन कायद्याचे 52 वे कलम सांगते की कंपनीने केलेल्या गाडीच्या नोंदलेल्या मूळ तपशिलाला छेद जाईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठामपणे सांगितले. 189 वे कलम राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी शर्यत लावणे हा गुन्हा ठरवते. माझ्या विद्यार्थ्याला ही दोन्ही कलमे पाठ आहेत. त्याची मोटार स्वतःच्या चाकांवर रस्त्यावर येत नाही. ती ट्रॉलीवर बांधून नेतात.

पण कायद्याने 'इथे नको' म्हटले, की 'मग कुठे?' याचे उत्तर समाजाने द्यावे लागते. इंग्रजांनी ते शंभर वर्षांपूर्वीच दिले. त्यांच्या रस्त्यांवर ताशी 20 मैलांची मर्यादा होती. वेगाची परीक्षा घ्यावी कुठे? म्हणून एका जमीनदाराने आपल्या जमिनीवर 1907 साली ब्रुकलँड्सचा ट्रॅक बांधला. ट्रॅकचा जन्मच मुळी रस्ता मोकळा राहावा म्हणून झाला आहे! आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातल्या विमानपट्टीवर वर्षानुवर्षे शर्यती झाल्या. पडीक पट्टी, गवताच्या पेंढ्या आणि चार वेडी माणसे, एवढ्यावर सुरुवात झाली.

मी सोलापूरसाठी दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटासारखे कोट्यवधींचे मंदिर मागत नाही. 2011 ते 2013 अशा तीन वर्षांत तिथे फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती झाल्या आणि ती जत्रा पांगली. मला जत्रा नको, तालीम हवी. गावाबाहेरच्या मुरमाड माळावर दीड किलोमीटरचे डांबरी वळणदार कडे, बाहेर सुटलेल्या गाडीला थांबायला मातीची रुंद पट्टी, जुन्या टायरांची भिंत, महिन्यातले दोन रविवार, दारात रुग्णवाहिका आणि आग विझवणारा बंब. आत शिरण्याआधी प्रत्येक गाडीची तपासणी : पिंजरा आहे काय, पट्टा आहे काय, ब्रेकचे तेल ताजे आहे काय. नसेल तर घरी जा. परवानगी सरकारने द्यावी, नियम मोटर स्पोर्ट्सच्या महासंघाचे घ्यावेत, आणि देखरेखीला कॉलेजातल्या प्राध्यापकांनी यावे. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरे स्पर्धांसाठी स्वतः गाड्या बांधतातच. त्यांच्या शेजारी गॅरेजमधला पोरगाही उभा राहू द्या. एकाला गणित येते, दुसऱ्याला हात. दोघे भेटतील तेव्हा वालचंदांची जयंती होईल.

पैसा कुठला, असे कोणी विचारील. ज्या गावात मिरवणुकीच्या डीजेच्या भिंतींना पैसा कमी पडत नाही, नेत्यांच्या वाढदिवसांच्या फलकांना कमी पडत नाही, त्या गावाने हा प्रश्न विचारू नये. आपण आवाजावर उधळतो तेवढे वेगावर घातले तरी पुरे.

आता शेवटचे. माझा विद्यार्थी दिवाळीआधी ती मोटार ट्रॉलीवर बांधून कोइमतूरच्या ट्रॅकवर सरावाला घेऊन गेला. हजाराला थोडे कमी असे किलोमीटर जायला, तेवढेच यायला. डिझेलचे निम्मे पैसे त्याच्या आईने विड्यांच्या मजुरीतून दिले. मी विचारले, "जिंकलास काय रे?" तो हसला. "शर्यत नव्हती सर. सहाव्या फेरीत हवेचा होज फुटला. दाब मी जास्त ठेवला होता." आणि वहीत त्याने तारखेसमोर तेच लिहिले होते : चूक माझी.

'चूक माझी' असे शाईने लिहिणारा माणूस मी या गावच्या एकाही व्यासपीठावर पाहिलेला नाही. म्हणून मीच सुरुवात करतो. त्या सभेत मी टाळ्या वाजवल्या. चूक माझी. प्रगतिपुस्तकावर तो शेरा मी मारला. चूक माझी. पण सहा फेऱ्यांसाठी त्या पोराला दोन हजार किलोमीटर हिंडावे लागले, ही चूक एकट्या माझी नाही. ती साऱ्या सोलापूरची आहे, आणि ती सुधारायला दीड किलोमीटर डांबर पुरते.