बुलढाण्याचा किनारा

बुलढाणा जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. सरळ रेषा मारली तरी अरबी समुद्र साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. तरीही गेले दोन वीकएंड मी बुलढाण्याचा किनारा शोधतोय. बायकोच्या मते हे वेड लागल्याचं लक्षण आहे. असेलही. पण आधी ऐकून तर घ्या.

झालं असं, की ऑफिसात पावसाच्या आकडेवारीवर एक प्रेझेंटेशन होतं आणि त्यासाठी पश्चिम विदर्भाचा बेसमॅप हवा होता. आमच्यासारख्या कमांड लाइनवाल्यांना माउसने नकाशा काढायचा म्हणजे कमीपणा वाटतो. त्यामुळे जीएमटी, म्हणजे जेनेरिक मॅपिंग टूल्स. पॉल वेसेल आणि वॉल्टर स्मिथ या दोघांनी विद्यार्थी असताना १९८०च्या दशकाच्या शेवटी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर. फुकट, मुक्त आणि आजही जगभरचे भूशास्त्रज्ञ वापरतात असं. (वेसेल २०२४ मध्ये गेले. ज्यांचं सॉफ्टवेअर आपण न विचारता वापरतो त्यांची नावं तरी माहीत असावीत, म्हणून सांगितलं.) त्यात 'कोस्ट' नावाची कमांड आहे. आर पुढे अक्षांश-रेखांश द्या, जी पुढे जमिनीचा रंग, एस पुढे पाण्याचा. एंटर मारा. झाला नकाशा.

मीही तेच केलं. खरं सांगायचं तर कमांड माझी नव्हतीच, कुठल्यातरी जुन्या स्क्रिप्टमधून उचललेली होती. त्यात डी पुढे एल आणि ए पुढे १००० असं काहीतरी होतं. चालतंय ना, मग हात कशाला लावा? हा आमच्या धंद्याचा पहिला मंत्र.

शनिवारी मेहकरला घरी होतो. बाबा (जिल्हा परिषदेचे निवृत्त मास्तर) चहा घेऊन मागे उभे राहिले. चष्मा वर करून बराच वेळ बघत होते.

"याच्यात लोणार काहून नाही रे?"

"बाबा, ते लहान आहे. एवढं बारीक येत नाही त्याच्यात."

"लहान? काठावरून पुरी फेरी मारून पाय एकदा, मंग सांग मले लहान का मोठं."

आता बाबांना कोण सांगणार की रिझोल्यूशन म्हणजे काय! पण रात्री झोप येईना, म्हणून हिशोब केला. लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे काठाची फेरी साडेपाच किलोमीटरच्या वर. आतलं पाणी साधारण १.२ किलोमीटर रुंद. बुलढाणा जिल्हा पूर्व-पश्चिम जवळपास एक अंश रेखांशात बसतो, म्हणजे शंभरेक किलोमीटर. माझा नकाशा १५ सेंटीमीटर रुंद. लोणारचं पाणी त्यात पावणेदोन मिलिमीटरचं होतं. टाचणीच्या डोक्याएवढं. बारीक आहे, पण दिसतं! कागदावर जागा होती. तरी आलं नाही. म्हणजे मी बाबांना जे सांगितलं ते चक्क खोटं होतं.

मग मॅन्युअल उघडलं. (हो, प्रथमच.)

जीएमटी किनारे स्वतः शोधत नाही. तो जीएसएचएचजी नावाच्या साठ्यातून बहुभुज उचलतो. त्यात चार पायऱ्या आहेत: जमीन, जमिनीतलं तळं, तळ्यातलं बेट, त्या बेटावरचं डबकं. कल्पना सुंदर आहे. हा साठा पाच बारकाव्यांत मिळतो, पूर्ण ते ढोबळ. बारकावा कमी करायला डग्लस-प्यूकर ही १९७३ ची पद्धत वापरतात. किनाऱ्याच्या दोन टोकांमध्ये दोरी ताणायची. मधला जो बिंदू दोरीपासून सगळ्यात लांब, तो ठरलेल्या अंतरापेक्षा जवळ असेल तर मधलं सगळं फेकून द्यायचं. लांब असेल तर तो बिंदू ठेवायचा आणि दोन्ही बाजूंना पुन्हा तेच. आमच्या एलमध्ये हे ठरलेलं अंतर आहे ५ किलोमीटर. लोणारचं पाणी सगळं मिळून १.२ किलोमीटरचं. दोरीच्या हिशोबात ते एक ठिपकाही नाही.

आणि त्या १००० चा अर्थ? हजार चौरस किलोमीटरपेक्षा लहान काहीही काढू नकोस. लोणार सोडा, जायकवाडीचा अख्खा नाथसागर तुडुंब भरला तरी साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. तोही गेला! आता हाच नियम साष्टी बेटाला लावून बघा. मुंबईसकट ते सहाशे चौरस किलोमीटरच्या घरातलं. वेगळं बेट म्हणून मोजलं तर नियमाप्रमाणे मुंबई पाण्यात. तसा नकाशा मी सोमवारी दाखवला असता तर मीटिंगमध्ये केवढी बोंब झाली असती! लोणार आणि नाथसागर कोरडे झाले तर? कोणी मान वर करून पाहिलं नाही. उलट एक मित्र हसून म्हणाला, "विदर्भात तसंही पाणी कुठंय?"

माझा हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे.

आपण प्रोग्रामर लोक एक गोष्ट पहिल्या वर्षी शिकतो. नल म्हणजे शून्य नव्हे. डेटाबेसमध्ये पगाराचा रकाना रिकामा असेल तर माणूस फुकट काम करतो असा अर्थ होत नाही. नोंद नाही, एवढाच अर्थ होतो. या चुकीवर आपण ज्युनियरला कोड रिव्ह्यूमध्ये सोलून काढतो. आणि नकाशा काढताना? जिथे तळ्याची नोंद नाही तिथे सॉफ्टवेअर बिनदिक्कत जमिनीचा रंग ओततं. 'इथे मी बघितलंच नाही' याला वेगळा रंगच नाही. खाकी रंग बघणाऱ्याला सांगतो: इथे पाणी नाही. नल घेतला आणि शून्य छापलं. एवढा ढळढळीत बग, आणि आपण त्याला बेसमॅप म्हणतो.

आता समोरची बाजू. ती खरी आहे, म्हणून आधीच मान्य करतो. प्रत्येक नकाशा काहीतरी गाळतो. जगाच्या नकाशात लोणार दाखवायचा हट्ट धरला तर तो नकाशा जगाएवढा करावा लागेल. वेसेल-स्मिथ यांनी तर काहीच लपवलेलं नाही. कुठल्या बारकाव्याला किती अंतर, तळी कुठल्या साठ्यातून आली, सगळं लिहून ठेवलंय. गाळणं हा दोष नाही. काय गाळलं ते न वाचता पुढे ढकलणं, आणि वर 'डेटाच तसा आहे' म्हणणं, हा दोष आहे. डेटा तसा नव्हता. हजार हा आकडा कोणीतरी कोणत्यातरी खंडाच्या नकाशासाठी लिहिला होता, मी तो बुलढाण्यावर चालवला.

"मग एल काढून एफ लाव की, पूर्ण रिझोल्यूशन!" लावा, जरूर लावा. पण तेवढ्यावर निवांत होऊ नका. या साठ्यातला समुद्रकिनारा एका स्रोतातून येतो आणि देशांच्या आतली तळी बऱ्याच अंशी सीआयएने काही दशकांपूर्वी कागदी नकाशांवरून गिरवलेल्या दुसऱ्या साठ्यातून. साठ्याची २.३.७ ही आवृत्ती २०१७ ची. देऊळगाव राजाकडचं खडकपूर्णा धरण त्या मूळ गिरवण्याच्या कितीतरी नंतरचं. महामार्गाच्या भरावासाठी तळी आणि नाले खोल करून तिथली माती-मुरूम वापरायचा, आणि खड्ड्यात पाणी साठवायचं, हा 'बुलढाणा पॅटर्न' तर अगदी कालपरवाचा. जुनी फाईल कितीही बारीक केली तरी तिच्यात नवं पाणी कुठून येणार?

समुद्रकिनाऱ्याच्या बाबतीत मात्र आपल्याला हे सगळं कळतं. भारताचा किनारा ७,५१६.६ किलोमीटर, हे आपण शाळेत घोकलं. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात तो ११,०९८.८१ किलोमीटर झाला. जवळजवळ ४८ टक्के वाढ! एकट्या गुजरातचा १,२१४.७ वरून २,३४०.६२ वर गेला. समुद्र हलला नाही, देशही वाढला नाही. आधीची मोजणी १:४५,००,००० या प्रमाणावरची होती, नवी १:२,५०,००० वरची. दोरी आखूड केली, खाड्या आणि वळणं मोजात आली. बातमी आली, कौतुक झालं, आणि ते योग्यच झालं.

मग आतल्या पाण्याला हा मान का नाही? जलशक्ती मंत्रालयाने २०२३ मध्ये देशातल्या जलसाठ्यांची पहिली गणना प्रसिद्ध केली. एकूण २४,२४,५४० साठे, त्यातले ९७.१ टक्के ग्रामीण भागात. महाराष्ट्रात ९७,०६२. म्हणजे सरकारने तळी आणि शेततळी मोजून काढली, आणि आपण पुण्यात बसून तेच सगळं एका अक्षराने पुसतो.

आणि नकाशात आपण तपासतो काय? फक्त सीमा. काश्मीरची रेषा जरा इकडेतिकडे असली की मेलवर मेल सुरू. तपासायलाच हवी, सर्व्हे ऑफ इंडियाशी न जुळणारा देशाचा नकाशा छापणं हा १९६१ पासून गुन्हाच आहे. पण सीमेच्या आत काय आहे हे बघायचं नाही, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय?

लोणारचं तर हसू येतं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा सातशे किलोमीटर उंचीवरच्या लँडसॅटने ते टिपलं, नासाने छायाचित्रं छापली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासात हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा असल्याचं दिसलं. त्याच वर्षी लोणार रामसर यादीत गेलं. बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेलं इतकं नीट टिकलेलं विवर जगात विरळा. अंतराळातून दिसतं, माझ्या स्क्रिप्टमधून दिसत नाही!

पण मी पर्यटनाची जाहिरात करत नाहीये. लोणारला ओळख कमी नाही. प्रश्न ज्यांना ओळख नाही त्यांचा आहे. जिल्ह्याच्या उत्तरेला पूर्णेचं खोरं, तिथला खारपाणपट्टा. बोअर मारलं तर खारट पाणी. तिथे गोड पाण्याचं एक तळं म्हणजे काय, हे नांदुरा-संग्रामपूरकडच्या बाईला विचारा. त्याच पूर्णेवर जिगाव प्रकल्प, काम सुरू होऊन दोन तपं उलटून गेली. कागदावर तिथे कधीचं पाणी आहे, जमिनीवर गावं. कुठली शेतं बुडीत आणि कुठली काठावर, हे एका रेषेवर ठरतं. ती रेषा काढणाऱ्याने दोरी पाच किलोमीटरची घेतली तर? 'एवढ्याने काय फरक पडतो' हे वाक्य त्या काठावर उभं राहून म्हणून दाखवा.

शिवाय किनारा एका जागी बसत नाही. लोणारचं पाणी काही वर्षी कमळजा देवीच्या देवळापासून लांब ओसरतं, काही वर्षी देवळाला येऊन भिडतं. मेमधलं बुलढाणा आणि सप्टेंबरमधलं बुलढाणा यांचे नकाशे एकच असूच शकत नाहीत. तारीख नसलेला काठ म्हणजे तारीख नसलेला चेक.

बरं, हे सुधारायला फार काही लागतही नाही. सेंटिनेल-२ ची दहा मीटर बारकाव्याची चित्रं फुकट आहेत. लँडसॅटवरून १९८४ पासूनचं पृष्ठजल दाखवणारा युरोपियन साठा फुकट आहे. ओपनस्ट्रीटमॅप आहे, आणि तिथे तळं नसेल तर ते काढायला तुम्ही आहात. 'कोस्ट' झाल्यावर 'प्लॉट' या कमांडने स्वतःचा बहुभुज वर टाकायचा, एक ओळ वाढते. आणि नकाशाच्या कोपऱ्यात तीन गोष्टी लिहायच्या: बारकावा किती, किती क्षेत्रफळाखालचं गाळलं, पाण्याची रेषा कोणत्या तारखेची. औषधाच्या पाकिटावर एक्स्पायरी छापतात ना, तसं. बघणाऱ्याला निदान कळू दे की खाकी रंगाचा अर्थ 'कोरडं' नसून 'आम्ही पाहिलं नाही' असा आहे.

मी रविवारी हे करून बघितलं. सेंटिनेलच्या चित्रावरून लोणारचा काठ गिरवला, मग खडकपूर्णा, मग पेनटाकळी. एक तळं मेहकरजवळचं, नाव मला माहीत नव्हतं. बाबांना विचारलं तर त्यांनी नाव सांगितलं, बांध कोणी घातला तेही सांगितलं, आणि कोणत्या वर्षी आटलं होतं तेही. हा डेटा कुठल्याच सर्व्हरवर नाही.

सोमवारी नवा नकाशा पाठवला. मित्राचा मेल आला, "अरे, इतकं पाणी आहे तिकडे?"

आहे. तिकडे पाणी कमी आहे, म्हणूनच जे आहे ते मोजून दाखवायचं असतं. ज्याच्याकडे भरपूर आहे त्याचं हजार चौरस किलोमीटर गाळलं तरी चालतं.

असो. चहा गार झाला. तुमच्या स्क्रिप्टमध्ये ए पुढे कितीचा आकडा आहे, तेवढं बघून ठेवा.