टॅबलेट हातात, संगणक दुसऱ्या खोलीत

घरातले मूल संगणकावर आवाज रेकॉर्ड करू लागले, की काही महिन्यांत मागणी येतेच, "अब्बू, मला कंट्रोलर हवा." दुकानात चौकशी केली तर सरकणाऱ्या आठ पट्ट्या, काही गोल बटणे आणि किंमत हजारोंच्या घरात. अम्मी म्हणते, परीक्षा तोंडावर आली आहे. अब्बू म्हणतात, हा शौक किती दिवस टिकणार? मूल हिरमुसते आणि घरात दोन दिवस अबोला राहतो.

पालकसभेनंतर हा प्रश्न मला विचारला जातो. माझे उत्तर ठरलेले आहे : नवे यंत्र घेण्याआधी ऑनलाइन शाळेच्या दिवसांत घेतलेला आणि आता कपाटात पडलेला टॅबलेट बाहेर काढा.

आधी काम काय आहे ते समजून घेऊ. संगणकावर आवाज जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आवाजाला स्वतंत्र पट्टा असतो. त्याला ट्रॅक म्हणतात. गाणाऱ्याचा एक, डफाचा एक, हार्मोनियमचा एक. प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायला सरकणारी खूण असते, ती फेडर. माउसने एका वेळी एकच फेडर हलतो, आणि रेकॉर्डिंग सुरू-बंद करायलाही संगणकासमोरच बसावे लागते.

टॅबलेट इथे टीव्हीच्या रिमोटसारखा उपयोगी पडतो. आवाज टॅबलेटमध्ये जात नाही; तो संगणकातच राहतो. टॅबलेट फक्त हुकूम देतो : सुरू कर, थांब, हा आवाज थोडा खाली आण. म्हणून जुना, संथ टॅबलेटही बहुतेक वेळा पुरतो. यंत्रांनी एकमेकांना हुकूम देण्याची कल्पना नवी नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलावीत म्हणून १९८३ मध्ये 'मिडी' ही पद्धत आली. तिच्यात सूर, जोर असे सगळे साधारण ० ते १२७ या आकड्यांत सांगितले जाते. पुढे १९९७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रात 'ओएससी' ही नेटवर्कवरून चालणारी पद्धत तयार झाली. २०१० मध्ये आयपॅड आला आणि काचेवरच फेडर उमटले.

ॲपलचा संगणक आणि त्यावर 'लॉजिक प्रो' असेल, तर आयपॅडसाठी 'लॉजिक रिमोट' हे ॲप २०१३ पासून मोफत मिळते. पण आपल्या बहुतेक घरांत विंडोजचा लॅपटॉप आणि अँड्रॉइडचा टॅबलेट असतो. त्यांच्यासाठी 'रीपर' हे सॉफ्टवेअर सोयीचे. ते ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते. नंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो. टॅबलेटवर काहीच बसवावे लागत नाही. दोन्ही यंत्रे एकाच वाय-फायवर आणा. रीपरच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये 'कंट्रोल, ओएससी, वेब' हा भाग उघडा, 'ॲड' दाबा आणि 'वेब ब्राउझर इंटरफेस' निवडा. तिथे एक पत्ता दिसेल. तो टॅबलेटच्या ब्राउझरमध्ये टाइप केला की ट्रॅक आणि बटणे समोर येतात. विंडोजने परवानगी विचारली तर फक्त घरच्या, खासगी नेटवर्कसाठी द्या. त्याच जागी पासवर्डही ठेवता येतो. वसतिगृहाच्या किंवा शाळेच्या सामाईक वाय-फायवर तो जरूर ठेवावा. नाहीतर शेजारचे मूल तुमचे रेकॉर्डिंग मध्येच थांबवील. हे हुकूम घरातल्या घरात फिरतात, त्यामुळे इंटरनेटचा डेटा त्यात खर्च होत नाही.

खरा फायदा मात्र वेगळाच आहे. लॅपटॉपचा पंखा सतत घरघरतो आणि माइक ती घरघर इमानेइतबारे टिपतो. उर्दूच्या धड्यात 'क़ाफ' आणि 'काफ' यांतला फरक मुलांच्या कानांवर स्पष्ट पडायचा असेल, तर मागची घरघर चालत नाही. लॅपटॉप दाराबाहेर ठेवा, माइक रजया-गोधड्या असलेल्या खोलीत न्या आणि टॅबलेट मांडीवर घ्या. यूएसबी माइकची वायर पाच मीटरच्या आत असू द्या. चुकले तर तिथेच थांबवा आणि पुन्हा सुरू करा. मुलींसाठी ही सोय मला अधिक मोलाची वाटते. बटण दाबायला भाऊ कधी घरी येतो याची वाट पाहायची गरज उरत नाही; बोलणारी तीच, रेकॉर्ड करणारीही तीच.

मर्यादाही सांगायला हव्यात. वाय-फायवरून हुकूम पोहोचायला किंचित वेळ लागतो आणि तो दर वेळी सारखा नसतो. सुरू-बंद करताना ते जाणवत नाही, पण टॅबलेटच्या काचेवर बोटांनी ताल वाजवायला गेलात तर ताल हमखास चुकेल. त्यासाठी वायरने जोडलेला कीबोर्डच हवा. शिवाय काच बोटांना काही सांगत नाही. फेडर कुठे आहे ते दर वेळी पाहावे लागते. दृष्टी कमी असलेल्या मुलाला खऱ्या बटणांचे यंत्र किंवा संगणकाचा कीबोर्डच बरा.

मग कंट्रोलर कधी घ्यायचा? रीपरचे ते ६० दिवसच कसोटीचे धरा. मुलाला एक काम द्या : दादीच्या किंवा नानीच्या तोंडून तीन गोष्टी रेकॉर्ड करायच्या, खोकला आणि कुकरची शिट्टी काढून टाकायची, आवाज एकसारखा करायचा आणि सगळ्या घराला ऐकवायचा. रोज अर्धा-पाऊण तास, अभ्यास झाल्यावर. तीन गोष्टी पूर्ण झाल्या आणि मूल नेमके सांगू शकले, की टॅबलेटवर अमुक काम अडते, तर त्याला यंत्राची गरज आहे असे समजा आणि ऐपतीप्रमाणे घ्या. पहिल्याच गोष्टीत उत्साह संपला, तर तुमचे हजारो रुपये वाचले आणि मुलाला कुणी 'नाही' म्हटलेही नाही.

काहीही झाले, तरी दादीचा आवाज घरात राहील. त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर वेगळी ठेवायला मात्र विसरू नका.