रस्त्याची रेघ आणि गांवाचा शब्द

रस्ते म्हणजे राष्ट्राच्या धमन्या होत, असें निबंधांत लिहिण्याची आपल्या विद्यार्थ्यांस संवय आहे, आणि तें खोटें नाहीं. सोलापूर शहराची भरभराट दळणवळणानेंच झाली. 1860 सालीं रेल्वे येथें येऊन पोंचली आणि गिरण्या व पेठा तिच्या पाठोपाठ वाढल्या. परंतु त्याच लोहमार्गाची दुसरी बाजू बार्शीकरांस विचारावी. मुख्य मार्ग बार्शीस बाजूला ठेवून कुर्डुवाडीवरून गेला. एवढ्या नामांकित पेठेच्या वांट्यास स्टेशनावरील ‘बार्शी रोड’ ही पाटी तेवढी आली, आणि स्वतःच्या वेशींत गाडी येण्यास 1897 साल उजाडावें लागलें. तीही अरुंद रुळांची! नकाशावर ओढलेली एक रेघ गांवाचें दैव दोन पिढ्यांपुरतें ठरवून टाकते, याचा याहून जवळचा दाखला नको.

आज अशाच दोन नव्या रेघा आपल्या जिल्ह्यावर ओढल्या गेल्या आहेत. पहिली सुरत-चेन्नई महामार्गाची. बार्शी, उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर व अक्कलकोट या चार तालुक्यांतून ती जाते. तिच्यापैकीं नाशिक ते अक्कलकोट या 374 किलोमीटरच्या सहापदरी भागास केंद्रीय मंत्रिमंडळानें 31 डिसेंबर 2025 रोजीं मंजुरी दिली. दुसरी नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाची. हे मार्ग होऊंच नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. नान्नजकडील द्राक्षें वेळेवर बाजारांत पोंचलीं तर कोणास नको आहे? परंतु हे जुन्या रस्त्यांचें रुंदीकरण नव्हेत, हें ध्यानीं घ्यावें. ते नांगरटीच्या रानांतून सरळ जाणारे, दोहों बाजूंस कुंपण असलेले मार्ग आहेत. ज्याच्या बांधावरून असा मार्ग गेला, त्याला त्यावर चढावयाचें झाल्यास कित्येक कोस दूरच्या नाक्यापर्यंत जावें लागतें. रस्ता त्याच्या गांवांतून जातो खरा, पण तो त्याच्या गांवचा नसतो.

मग प्रश्न असा कीं, त्या गांवास विचारलें केव्हां, आणि विचारलें काय? राष्ट्रीय महामार्गांचा कायदा 1956 सालचा. त्याप्रमाणें सरकार आपला जमीन घेण्याचा उद्देश राजपत्रांत प्रसिद्ध करितें. त्याचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत येतो, त्यांपैकीं एक देशी भाषेंतील असावें लागतें. तेथून एकवीस दिवसांच्या आंत लेखी हरकत द्यावयाची. नेमलेला अधिकारी ती ऐकून हुकूम देतो आणि तो हुकूम अंतिम असतो. त्यानंतरच्या घोषणेनें जमीन सरकारची होते. भावाचा वाद तेवढा लवादापुढें चालूं शकतो. आतां एकवीस दिवस म्हणजे किती तें पाहा. अक्कलकोट तालुक्यांतील एखाद्या घरीं सात-बारा आजोबांच्या नांवावर, आजोबांची बोली कन्नड, मुलगा पुण्यास नोकरीस, आणि जाहिरातींत गांवाचें नांव, गट नंबर व क्षेत्र यांचे रकाने. कोणी ती वाचून अर्थ सांगेपर्यंत निम्मी मुदत सरते.

2013 सालीं भूसंपादनाचा नवा कायदा झाला व 1 जानेवारी 2014 पासून अमलांत आला. सामाजिक परिणामांची आधीं पाहणी व्हावी, ती ग्रामपंचायतीच्या सल्ल्यानें व्हावी, अशा पुष्कळ चांगल्या गोष्टी त्यांत आहेत. पण जे तेरा जुने कायदे त्याच्या कक्षेबाहेर ठेविले, त्यांत हा महामार्गांचा कायदाही आहे. पुढें मोबदला व पुनर्वसन यांच्या तरतुदी तेवढ्या त्यास लागू केल्या. म्हणजे दाम नवा, पण विचारण्याची रीत जुनीच. आणि दामाचें तरी काय? 2021 सालीं राज्य शासनानें महामार्गांसाठीं ग्रामीण जमिनीच्या किंमतीचा गुणक दोनावरून एकावर आणिला. त्यामुळें आपल्या जिल्ह्यांत जी कांहीं चळवळ झाली ती बहुतेक भावासाठीं झाली. शेतकऱ्यास याबद्दल दोष देणें सोपें आहे. परंतु ज्याला एकच प्रश्न विचारला जातो, तो एकाच प्रश्नाचें उत्तर देणार.

पर्यावरणाच्या दाखल्यासाठीं जनसुनावणी होते, हें खरें. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणें तीस दिवसांची सूचना देऊन ती घ्यावी लागते. परंतु तेथें किती माणसें हजर असावींत यास किमान संख्या नाहीं, मराठींत मिळतो तो केवळ सारांश, आणि तोंवर आंखणी ठरून गेलेली असते. लग्नाची तिथी ठरल्यावर मुलीस पसंती विचारावी, तसा हा प्रकार आहे.

विचारावयाचें काय, असें कोणी म्हणेल. इंजिनियरास जें कळतें तें कुणब्यास काय कळणार? आमचें उत्तर असें कीं, पुलाची तुळई किती जाड असावी हें कुणब्यास कळत नाहीं, पण पाणी कोठून येतें तें त्याच्याइतकें कोणास कळत नाहीं. उन्हाळ्यांत मोजणी करणाऱ्यास जी कोरडी घळ दिसते, ती हस्ताच्या पावसांत ओढा होते. काळ्या रानांत भराव घातला आणि मोरी चार शेतें पलीकडे ठेविली, तर वरच्या अंगाची ज्वारी पाण्यांत उभी राहून पिवळी पडते. सप्टेंबर 2025 मध्यें सीनेला महापूर आला, तेव्हां लांबोटीजवळ पुणें-सोलापूर महामार्गाची वाहतूक बंद ठेवावी लागली, हें आपण सर्वांनीं पाहिलें. पूर्वींचें पाणी कोणत्या पायरीस लागलें होतें, हें नदीकांठच्या म्हाताऱ्यांस अचूक सांगतां येतें. तीच गोष्ट वाटांची. उसाची भरलेली ट्रॉली ज्या बोगद्याखालून जाणार त्याची उंची, गुरें ज्या पाणंदीनें जातात ती, मुली ज्या वाटेनें शाळेस येतात ती, एका विहिरीवर तीन भावांचें रान भिजतें ती विहीर, यांपैकीं पुष्कळसें नकाशावर नसतें. हें ज्ञान फुकट मिळण्यासारखें आहे. मागावयास मात्र वेळेवर आलें पाहिजे.

पवित्र शास्त्रांतील नाबोथाची कथा आमच्या मुलांस पाठ आहे. तींतील एक बारीक गोष्ट सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. अहाब राजा दुष्ट खरा, पण त्यानें नाबोथाच्या द्राक्षमळ्याविषयीं प्रथम त्यासच विचारलें. बदल्यांत याहून चांगला मळा देईन, अगर रोख किंमत देईन, असें तो म्हणाला. नाबोथानें वडिलार्जित वतन म्हणून नाकारलें. पुढें ईजबेलीनें जें केलें तें पातक. पण जो प्रश्न प्रथम विचारला गेला, तो योग्य माणसास आणि योग्य वेळीं विचारला गेला होता. सरकार म्हणजे अहाब, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. सरकार आपलें आहे, म्हणूनच त्याच्याकडून अहाबाहून अधिकाची अपेक्षा आहे.

एकदां ओढलेली रेघ हलत नाहीं, असें कचेरींतून सांगण्यांत येतें. शक्तिपीठ मार्गाची अधिसूचना मार्च 2024 मध्यें निघाली. कोल्हापूर जिल्ह्यांत प्रखर विरोध झाला, आणि ऑक्टोबर 2024 मध्यें त्या जिल्ह्यापुरती ती रद्द झाली. मोर्च्यानें जी रेघ हलते, ती मोर्च्यापूर्वीं विचारविनिमयानें कां हलूं नये? नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग, 701 किलोमीटरचा, जून 2025 मध्यें पुरा खुला झाला. तेथें जमिनी एकत्र करण्याच्या पहिल्या योजनेस विरोध झाल्यावर शेतकऱ्यांशीं बोलून थेट खरेदीची रीत घेतली गेली. तें चांगलेंच झालें. तरी बोलणें झालें तें मुख्यतः किंमतीचें. युरोपांत 1998 सालीं डेन्मार्कमधील आरहूस येथें अनेक राष्ट्रांनीं करार केला; सर्व पर्याय मोकळे असतांनाच लोकांस विचारावें, असें त्यांत ठरलें. आम्ही मागतों तें एवढेंच. दोन-तीन पर्यायी आंखण्या चावडीवर मराठींत, आणि सीमेकडील गांवांत कन्नडमध्यें, लावाव्या. गांवाचें म्हणणें लिहून घ्यावें. मानलें नाहीं तर कां मानलें नाहीं, तें लेखी कळवावें.

गांवानेंही आपल्याकडे पाहावें. ग्रामसभेस चार टाळकीं जमतात, आणि बोलतात ती दोनच. ज्याच्या नांवें जमीन नाहीं त्या मजुराचें काम जातें, पण त्यास मोबदला नाहीं व शब्दही नाहीं. जी बाई पाणी व वैरण आणते तिला वाटांची खरी माहिती. तिला कोणी विचारीत नाहीं. हा दोष मुंबई-दिल्लीचा नव्हे.

आमच्या शाळेंतील कित्येक मुलें या चार तालुक्यांतून येतात. त्यांस एक काम सांगतों. सुटींत घरीं गेल्यावर वर्तमानपत्रांतील जाहिरात आजोबांस वाचून दाखवा, आपला गट नंबर तींत आहे काय पाहा, आणि असल्यास गांवच्या नकाशावर ओढा, विहीर, पाणंद व पुराची खूण वडील माणसांस विचारून मांडा. त्या नकाशाची एक प्रत हरकतीच्या अर्जास जोडावी, एक ग्रामपंचायतींत द्यावी. अर्ज एकवीस दिवसांच्या आंत जावा; आणि त्यावर शिक्का मारलेली पोंच मागून घ्यावी.